शेवट दुकानातच वाचावा

"केतकीचे पाय सरळ करा," रघुनाथराव म्हणाले आणि बशीतलं शेवटचं बिस्किट त्यांनी स्वतःच उचललं. "नाहीतर तिला जाळून टाका. दोन्हीपैकी काहीही चालेल. पण तिसऱ्या भागात प्रकरण मिटलं पाहिजे."

नागपूरला महाल भागात, छापखान्याच्या माडीवर ही बोलणी चालली होती. रघुनाथराव प्रकाशक. माणूस वाईट नव्हता. फक्त जगातली प्रत्येक गोष्ट सोळा पानांच्या फर्म्यात बसते की नाही, एवढंच तो पाहत असे. समोर चंद्रकला बसली होती, मांडीवर कापडी पिशवी घेऊन. सौंसरच्या नगरपालिकेत ती कारकून. जन्म-मृत्यूच्या नोंदी करायची, त्यामुळे गावात कोण आलं आणि कोण गेलं हे चहाच्या टपरीच्याही आधी तिला कळे. घरी आल्यावर ती कादंबऱ्या लिहायची. त्या छापल्या जात 'प्रा. हिमांशू' या नावानं. हे नाव रघुनाथरावांच्या मालकीचं, खालच्या छपाईयंत्रासारखंच. त्यातला 'प्रा.' त्यांनीच जोडला होता. बायकांना प्राध्यापक आवडतात, असा त्यांचा अंदाज.

केतकी ही प्रा. हिमांशूंची हडळ. संत्र्याच्या बगिच्यात एका पडक्या विहिरीत राहणारी, रूपानं अशी की पाहणाऱ्याच्या हातातला कंदील खाली पडावा, आणि पाय उलटे. टाचा पुढं, बोटं मागं. जमीन मोजायला आलेला प्रकाश नावाचा ओव्हरसिअर तिच्यावर भाळतो. पहिला भाग बरा गेला. दुसरा, 'केतकीचं कुंकू', तर छापखान्यात उरलाच नाही.

"वाचकाला ती घरात आलेली पाहायची आहे," रघुनाथराव म्हणाले. "पण अशा पायांनी नाही. वाचकाचं मत आहे की—"

"कोणत्या वाचकाचं?"

"वाचकाचं." जणू वाचक म्हणजे त्यांच्याकडं जेवायला असलेला भाचा. "तुमच्याकडं जामसांवलीला लोक बाधा झालेल्यांना नेतातच की. तसं एखादं देऊळ घ्या. अंगारा लावला, पाय सरळ झाले, सासूनं ओटी भरली. वाचक खूष."

"आणि मी नाही केले सरळ, तर?"

"तर प्रा. हिमांशू करतील." रघुनाथराव गोड हसले. "सुरेशबाबू आहेत ना, डिटेक्टिव्ह लिहिणारे. त्यांचा हात मोकळाच आहे. नाव माझं, केतकी माझी. तुम्हाला लिहायचं असेल तर पोळ्याच्या आत द्या. आणि मनाला लावून घेऊ नका, बाई. हडळच आहे ती."

चंद्रकला उठली. जिन्याखाली बाहेरगावी जायच्या पार्सलांची थप्पी लागली होती. सगळ्यात जाड पार्सलावर निळ्या शाईनं लिहिलं होतं: हिरामण सायकल स्टोअर्स व वाचनालय, पांढुर्णा. तिनं ते नाव लक्षात ठेवलं.

नॅरोगेजच्या छोट्या गाडीच्या बाकावर सौंसरपर्यंत ती एकच गोष्ट घोळवत आली. केतकी गेली तर दुसरी लिहिता येईल, हे तिला ठाऊक होतं. पण केतकीचे पाय धरून कोणीतरी ते पिळणार, आणि वर त्याला सुख म्हणणार, हे तिला सोसवेना. तिच्या स्वतःच्या बाबतीतही गावातल्या बायका वर्षानुवर्षं हेच म्हणत आल्या होत्या. पोरगी हुशार आहे, नोकरी आहे, फक्त थोडी सरळ झाली की कोणीही करून घेईल.

तिचे वडील सुखदेव रेल्वेतून गँगमन म्हणून निवृत्त झालेले. धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून त्यांनी भूत, देवी आणि अंगारा-धुपारा या तिघांनाही उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं. पोरीच्या कादंबऱ्यांवर त्यांचा कायमचा आक्षेप होता, आणि पहिली प्रत मात्र तेच वाचत.

"भूत नसते, हे मी तुले लहानपनापासून सांगून राहिलो," ते म्हणाले.

"मी मानतो कुठं, बाबा? मी तं विकून राहिली."

"मंग त्याले पायजे तसं विक. सरळ पायाची विक."

"आधी पाहून येतो," चंद्रकला म्हणाली, "हा वाचक वाचक म्हन्ते तो हाय तरी कोन."

सौंसरला विचारायची सोय नव्हती. नगरपालिकेतल्या बाईनं हडळीच्या पुस्तकाची चौकशी केली असती, तर संध्याकाळपर्यंत तिलाच भूत लागलं आहे अशी बातमी लोधीखेड्याला पोचली असती. पांढुर्ण्यात तिला कोणी ओळखत नव्हतं. रविवारी सकाळच्या बसनं ती निघाली.

हिरामणच्या दुकानात दोन गोष्टी भाड्यानं मिळत, सायकली आणि कादंबऱ्या. पुढं पंक्चर पाहायचं पाण्याचं घमेलं, मागं पुस्तकांचं कपाट, मध्ये एक लांब बाक. पुस्तकांना ऑइल लागू नये म्हणून चपला पायरीवर काढायच्या. आणि बाकाच्या वर, छताच्या वाशाला सायकलींच्या जुन्या तारा टांगलेल्या. प्रत्येक तारेत छापील पानांचा एकेक गठ्ठा ओवलेला. बाजूला पाटी: 'शेवट दुकानातच वाचावा.'

"हे काय हो?" चंद्रकलेनं विचारलं.

"तुमी नव्या दिसता." हिरामण ट्यूब घासता घासता बोलला. पन्नाशीचा, तोंडात सदा हसू, आणि गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत ते कोणत्या मापाचं आहे हे ओळखणारा. "हे शेवट हायेत. पुस्तक आलं का पयलं मी त्याचा शेवटचा फर्मा फाडतो. पुस्तक घरी न्या, शेवट इथं येऊन वाचा, या बाकावर."

"पण का?"

"आता पाहा. मी सायकल भाड्यानं देतो, कुलूप देतो, पन चाबी माह्यापाशी. मानूस कुठी टाइमपास करत नाई, सायकल चोरीले जाईन या भेवानं सीधा वापस येते. पुस्तकाचं बी तसंच. पयले एक जन भाड्यानं नेये अन् आख्खी गल्ली फुकट वाचे. आता गल्लीनं वाचावं किती वाचाचं ते. शेवटाले इथंच येनं पडते."

चंद्रकलेनं मनातल्या मनात रघुनाथरावांशेजारी एक रेघ मारली आणि हिरामणला दुसऱ्या बाजूला लिहिलं. माणूस कामाचा होता.

"'केतकीचं कुंकू' आहे?"

"बाहेर गेलं. त्याले तं श्वास घ्याले फुरसत नाई."

इतक्यात पायरीवर चपला वाजल्या. एक भारदस्त बाई आत आल्या, हातात संत्र्यांची पिशवी. या मालतीबाई. तिगावकडं त्यांचा मोठा बगिचा, आणि घरात त्याहून मोठी सासू. रविवारी त्या बाजाराला म्हणून येत आणि बाजार करून उरलेला वेळ या बाकावर घालवत. बाकाच्या टोकाला आधीच दोघं बसलेले होते. दवाखान्यातली नर्स कुसुम एक फर्मा हातात धरून वाचत होती. शेजारी वामन गुरुजी, शाळेतून निवृत्त, मांडीवर छत्री. आपण बायकोसाठी पुस्तकं नेतो असं ते सांगत. त्यांची बायको पाच वर्षांपूर्वी वारली होती, पण हिरामणनं हे कधी बोलून दाखवलं नव्हतं.

"तिसरा आला काय, हिरामनभाऊ?" मालतीबाईंनी विचारलं.

"कुठचा येते! नागपूरवाला म्हन्ते पोळ्याच्या टायमाले."

"तवरक माहा जीव जाते." मालतीबाई चंद्रकलेशेजारी टेकल्या. "तुमी वाचलं काय हो केतकीचं? नाई? अवं, वाचा. काय शेवट हाय! ती हडळ सासूच्या कमरेच्या चाब्या काढते अन् सासूले म्हन्ते, आता तुमी बसा त्या विहिरीत. मी तं इथंच टाळी वाजवली."

चंद्रकलेच्या हातातली पिशवी घसरली. असलं एक वाक्यही तिनं लिहिलं नव्हतं.

"चाब्या?" वामन गुरुजींनी चष्मा खाली केला. "चाब्या कुठून आल्या? केतकी अग्निप्रवेश करते. प्रकाशच्या कुळाला डाग लागू नये म्हणून. आणि प्रकाश आजन्म अविवाहित राहतो. अत्यंत संयमित शेवट आहे. मी... माझ्या मंडळींना तो फार आवडला."

"काही काय सांगून राहिले, गुरुजी!" कुसुमनं हातातला फर्मा मिटला. "ती त्याले म्हन्ते, तुमी बदली करून घ्या अन् जा. मी माह्या विहिरीची मालकीन हाय. लग्नच करत नाई ती."

तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. मग तिघांनी मिळून हिरामणकडं पाहिलं. हिरामणचं तोंड ट्यूबमागं गेलं होतं.

"हिरामनभाऊ," मालतीबाई म्हणाल्या, "तुमी मले शेवट वाचाले देल्ला का तोंडानं सांगतला?"

"तोंडानं."

"मलाही," गुरुजी म्हणाले.

"मले बी," कुसुम म्हणाली. "फर्मा बाइंडिंगले गेला म्हने."

हिरामणनं हात पुसले आणि कपाटाच्या वरून एक चौकोनी वीट काढली. ती वीट नव्हती, पानं होती. पंक्चर चिकटवायच्या सोल्युशनचा डबा त्यावर उलटला होता आणि सोळाच्या सोळा पानांचा एक ठोकळा झाला होता. "पयल्याच दिवशी झालं. मी बी वाचलं नव्हतं. आता गिऱ्हाईक शेवटाले येते, त्याले काय पाठ दाखवू? मंग ज्याले जसा पायजे असंन तसा सांगतला. मालतीबाईले चाब्या, गुरुजीले संयम."

"अन् मले?" कुसुम म्हणाली.

"तुमाले तवा तीन खेपा लग्नाचं विचारून गेले होते लोक. तुमीच सांगत होत्या."

कुसुम लाल झाली. गुरुजी मात्र उठून उभे राहिले. "ही फसवणूक आहे! मी तीन आठवडे त्या अग्निप्रवेशावर विचार करतो आहे!" त्यांनी छत्री हवेत फिरवली. ती ट्यूबला लावायच्या पांढऱ्या पावडरीच्या डब्याला लागली, डबा गडगडला आणि बाकापासून दारापर्यंत जमीन पांढरीफेक झाली.

"खरा शेवट काय हाय मंग?" मालतीबाईंनी पावडरीकडं पाहिलंही नाही. "या अख्ख्या पांढुर्ण्यात कोनाले मालूम हाय काय?"

चंद्रकला गप्प बसायचं ठरवून आली होती. वाचक काय म्हणतो ते ऐकायचं आणि पाचच्या बसनं परत जायचं. पण समोर तीन माणसं अशी बसली होती, जणू त्यांच्या घरातलं कोणी हरवलं आहे.

"मी वाचलंय," ती म्हणाली. "सौंसरला."

मग तिनं सांगितलं. प्रकाश विहिरीपाशी येतो, म्हणतो, चल घरी. केतकी म्हणते, येईन, पण आहे तशी येईन. माझी पावलं उलटी उमटतात. मी तुझ्या घरात शिरले, तरी मातीवर मी बाहेर गेल्यासारखी दिसेन. तुझ्या आईला कधीच कळणार नाही, मी आले की गेले. एवढं चालत असेल तर दार उघडं ठेव. इथं दुसरा भाग संपतो.

हिरामणच्या घमेल्यात एक बुडबुडा फुटला.

"माह्या चाब्यापेक्षा हे बरं हाय," मालतीबाईंनी शेवटी कबूल केलं.

चंद्रकला बाकावर पुढं सरकली. हाच प्रश्न विचारायला ती बस धरून आली होती. "आणि तिसऱ्या भागात पाय सरळ झाले तर? एखाद्या देवळात वगैरे?"

"तं मी वाचू कायले?" मालतीबाई ताडकन म्हणाल्या. "सरळ पायाच्या आमच्या घरात हायेतच की सात जनी, मले धरून. त्यांच्यावर कोनी पुस्तक लिहिते काय?"

"पाय सरळ करून घेतले का ती पेशंट झाली," कुसुम म्हणाली. "रोज पाहतो मी. घरचे घेऊन येतात, हिले नीट करा. तिले झालं काय ते कोनीच सांगत नाई."

"समाज म्हणून काही गोष्ट असते," गुरुजी म्हणाले. ते अजून उभेच होते. "उद्या प्रत्येकीनं उलटे पाय घेऊन यायचं ठरवलं, तर घरं चालायची कशी? माझं मत विचाराल तर पाय सरळ व्हावेत." ते बसले, छत्री पुन्हा मांडीवर घेतली, आणि जरा वेळानं खालच्या आवाजात म्हणाले, "पण तो भाळला तेव्हा पाय उलटेच होते. सरळ झाल्यावर त्यानं तिला ओळखलंच नाही, तर? तीसुद्धा एक अडचण आहे."

"आमच्या गावाले इचारा," हिरामण म्हणाला. "एक पोरगी अन् एक पोरगा नदीतून पळून जात होते, लोकांनं दगडं मारले. अजून दरसाल पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही काठचे लोकं गोटमार करून डोकी फोडून घेतात त्यांच्या नावानं. पुस्तकात तरी कोनी जगू द्या बाप्पा."

"जगन कशी पन?" मालतीबाईंचा व्यवहार जागा होता. "त्या सासूले तुमी ओळखत नाई. ती उंबऱ्यात पीठ पसरून ठेवन. गावातल्या साऱ्या बायाले ओटीले बोलावन अन् पाहत बसन. उलटं पाऊल दिसलं का धरली! माह्या सासूनं तं हेच केलं असतं. मंग लेखकाचा पुरा खेळ खतम."

हे मात्र खरं होतं. चंद्रकलेनं वहीत चार वेळा हे प्रकरण सुरू केलं होतं आणि चारही वेळा ती या उंबऱ्यात अडखळली होती. पाय उलटे ठेवायचे हे ठरलं होतं. ते घेऊन आत कसं जायचं हे कोणी सांगत नव्हतं. रघुनाथरावांचा अंगारा मूर्खपणाचा होता, पण त्यानं उंबरा तरी ओलांडला जात होता.

मालतीबाई बाजार उरकायला उठल्या. पावडरीतून चालत दारापर्यंत गेल्या, पायरीवर पाय ठेवणार तोच समोरून पांढरं धोतर येताना दिसलं. त्यांच्या नवऱ्याचे थोरले भाऊ, म्हणजे भासरे. मालतीबाईंनी पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढला, आणि भासऱ्यांकडं पाठ करायची नाही म्हणून तोंड रस्त्याकडंच ठेवून तशाच मागं मागं चालत बाकापाशी आल्या. भासरे दुकानाकडं न पाहता निघून गेले.

हिरामण जमिनीकडं पाहून खदखदा हसला. "पाहा पाहा, गुरुजी! ही पावलं पाहून कोनी म्हनन, मालतीबाई दोनदा गेल्या अन् वापस आल्याच नाई. अन् बाई तं ह्या बसल्या!"

सगळे हसले. चंद्रकला हसली नाही. ती पांढऱ्या जमिनीवरच्या पावलांकडं पाहत राहिली. बोटं सगळी दाराकडं. एक रांग जाताना, एक रांग येताना, आणि दोन्हींत काडीचा फरक नाही.

"काय झालं हो, बाई?" कुसुमनं विचारलं.

"काही नाही. चार मालतीबाई असत्या तर काय झालं असतं, ते पाहत होते."

पाचच्या बसला अवकाश होता, तरी ती उठली. पायरीवर चपला घालताना तिनं हिरामणकडं एक गोष्ट मागितली: सायकलची एक जुनी तार.

"तुमी वाचनालय काढून राहिल्या काय सौंसरले?" हिरामणनं संशयानं विचारलं.

"एकाच पुस्तकाचं," चंद्रकला म्हणाली.

त्यानं तार दिली, वाकवून हूकही करून दिला.

त्यानंतर तिचा हात थांबला नाही. कचेरीतून आली की लिहायला बसे. छापखान्याची रीत तिला माहीत होती. मजकूर येईल तसे अक्षरांचे खिळे जुळवायचे, फर्मा छापून वाळायला टाकायचा, खिळे मोकळे करून पुढचं घ्यायचं. एकदा छापलेलं मग बदलता येत नाही. म्हणून तिनं प्रकरणं एकदम दिली नाहीत. जशी झाली तशी पाठवत गेली. केतकी घरोघरच्या बायकांच्या ओळखीची होते, कोणाचं बाळंतपण करते, कोणाला विहिरीत पडण्यापासून वाचवते. सासू हेरते, बायकांत हडळ मिसळली आहे, पण कोणती ते तिला ठाऊक नाही. उंबऱ्यात पीठ पसरते आणि आळीतल्या साऱ्या बायकांना ओटीला बोलावते. बायका एकेक करून येतात. आणि शेवटच्या पाठवलेल्या पानावर सासू कंदील घेऊन वाकते, तर पिठात एकूण एक पाऊल बाहेर जाणारं. आत येणारं एकही नाही. आणि ओसरीवर सात जणी पदर सावरून बसलेल्या.

पुढची पानं तिनं पाठवली नाहीत. तारेत ओवली आणि घरातल्या खुंटीला टांगली. रघुनाथरावांना एवढंच कळवलं: शेवट सौंसरला आहे, येऊन वाचावा.

"त्याचा तो सुरेशबाबू लिहीन ना शेवट," सुखदेव म्हणाले.

"लिहू द्या."

ती असं म्हणाली खरी. पण ते दिवस तिनं कसे काढले, हे नगरपालिकेतल्या रजिस्टरला विचारावं. एका धडधाकट गृहस्थाला तिनं मृतांच्या रकान्यात लिहिलं आणि त्याच्या मुलानं येऊन गोंधळ घातला. डिटेक्टिव्ह लिहिणारा माणूस. पावलांचे ठसे हाच त्याचा धंदा. त्याला जमलं, तर केतकी गेली. आणि तेसुद्धा चंद्रकलेनंच तिला उंबऱ्यापर्यंत आणून सोडलेलं असताना. सुखदेव रोज संध्याकाळी खुंटीखाली बसत आणि त्या गठ्ठ्याकडं न पाहायचा आव आणत.

पोळ्याला थोडे दिवस उरले असताना रघुनाथराव आले. छोट्या गाडीत बसायला जागा मिळाली नसावी. इस्त्री मोडलेली, चष्म्यावर कोळशाची धूळ. त्यांनी पाणी मागितलं, मग आणखी मागितलं.

"बाकी सगळं छापून जिन्याखाली पडलं आहे," ते म्हणाले. "चालायला जागा नाही. हे तुम्ही बरं केलं नाही, बाई."

"सुरेशबाबूंनी नाही लिहिला शेवट?"

"तीन लिहिले. एकात केतकीनं सगळ्यांवर मंत्र टाकला. एकात भूकंप. तिसऱ्यात..." रघुनाथरावांनी डोळे मिटले. "तिसऱ्यात ते सगळं प्रकाशचं स्वप्न होतं. आमचा खिळे जुळवणारासुद्धा हसला. आणि वर पांढुर्ण्याच्या हिरामणचं कार्ड. पाय सरळ केले असतील तर पार्सल पाठवू नका, खाली तीन जणांच्या सह्या. एक सही कोणा गुरुजींची आहे. त्यांनी मत राखून ठेवलं आहे म्हणे, पण पुस्तक हवं आहे."

चंद्रकलेनं गठ्ठा खुंटीवरून काढला. "इथंच वाचायचा."

ओसरीत एक बाक होता. रघुनाथराव, ज्यांनी आयुष्यात वाचकासाठी पुस्तकं काढली आणि स्वतः फक्त फर्मे मोजले, ते त्या बाकावर बसले आणि वाचू लागले. सुरुवातीला पाठ टेकून. मग पुढं सरकून. मग एक पान उलटताना त्यांनी बोट ओलं केलं आणि ते बोट तसंच हवेत राहिलं.

"उलट्या चालत आल्या," ते म्हणाले. "सगळ्या बायका. रस्त्याकडं तोंड करून, मागं मागं चालत आल्या घरात."

"हो."

"ठरवून?"

"वाचा की पुढं."

त्यांनी वाचलं. पाटलाची सून आधी आली, केतकीनं जिचं बाळंतपण केलं होतं ती. तिच्यामागं विहिरीतून वाचलेली. तिच्यामागं जिचं काहीच वाचवलं नव्हतं तीही. सासू एकीच्या तोंडावरून दुसरीच्या तोंडावर कंदील नेते. सातही जणी तिच्याकडं सरळ पाहतात. लुगड्याखालचे पाय कोणीच पुढं करत नाही.

"सासूला कळतं का, यातली केतकी कोणती?"

"नाही."

"पण वाचकाचं मत..." रघुनाथराव सवयीनं म्हणाले आणि थांबले. त्यांनी सुखदेवांकडं पाहिलं. "बाबा, तुम्ही वाचलं?"

"मी भूत मानत नाई," सुखदेव म्हणाले. "त्या बाया मानतो."

रघुनाथराव पुन्हा पानांकडं वळले. शेवटचं पान त्यांनी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला घेतलं तेव्हा चंद्रकलेनं हात पुढं केला आणि गठ्ठा काढून घेतला.

"एकेका पानावर सही करा. यातला शब्द बदलायचा नाही, पाय तर नाहीच."

"आणि नाव? नाव पाहिजे असेल तुम्हाला. तुमचं."

"नाव ठेवा तुमच्याकडं. त्यातला तो 'प्रा.' मात्र काढा. त्या बिचाऱ्यानं कॉलेज पाहिलेलं नाही."

त्यांनी पेन काढलं. सही करताना त्यांचा हात सोळा पानांच्या सवयीनं भराभर चालला, आणि शेवटच्या पानापाशी अडला.

"एक सांगा," ते म्हणाले. आवाज प्रकाशकाचा नव्हता, बाकावरच्या कोणाचाही असावा तसा होता. "मी कोणाला सांगणार नाही. त्या सात जणींत ती कोणती?"

"आधी सही."

त्यांनी सही केली. चंद्रकलेनं शाई वाळेपर्यंत पानावर फुंकर घातली, पानं क्रमानं लावली आणि त्यांच्या हातात दिली. तार स्वतःकडं ठेवली.

"आता सांगा."

"चहा ठेवते," चंद्रकला म्हणाली आणि आत गेली.